कीबोर्डवाल्या बाई

"बोटं जागेवर!"

आधी आवाज यायचा, मग बाई. चष्मा कपाळावर सारायच्या, दोन्ही हात पुढे धरून न दिसणाऱ्या कीबोर्डवर आठ बोटं टेकवायच्या आणि अंगठे तेवढे मधे तरंगत ठेवायच्या. असं करून दाखवताना त्यांची मान कधीच खाली जायची नाही. मान खाली गेलेल्या माणसाला बाई टायपिस्ट मानत नसत. फार तर गरजू मानत.

आमच्या सिडकोत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. वैजापूरपासून पाचोडपर्यंतच्या सरकारी कचेऱ्यांत आज जे कारकून खटाखट टाइप करताना दिसतात, त्यातले कितीतरी बाईंच्या हाताखालून गेलेले आहेत. मीही त्यातलाच. बाईंच्या पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्या वेळेला पास. पुढे नोकरी लागली, आणि योगायोगाने फ्लॅट मिळाला तो नेमका बाईंच्या खाली. म्हणजे विद्यार्थिदशा काही संपली नाही.

या बाई कॉम्प्युटरवर गेम खेळायच्या असं सांगितलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. बिल्डिंगमधले सगळे हसून झालेले आहेत.

झालं असं की वय झाल्यावर बाईंनी क्लास बंद केला आणि एक कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. बोटं गंजू नयेत म्हणून रोज सकाळी त्या पेपरातला अग्रलेख टाइप करत बसायच्या. तुम्ही अग्रलेख वाचत असाल तर तुम्हाला त्यांची दया येईल. मला आली. मी म्हटलं, "बाई, त्यापेक्षा एखादा गेम खेळा."

"त्यात टायपिंग असतंय का?"

"नसतं. पण कीबोर्ड असतो."

"मग लाव."

त्यांच्या मशीनला झेपेल असा एक गेम मी टाकून दिला. डोंगर, नदी, जंगल, अधूनमधून एखादं गाव. दोघांनी मिळून फिरायचं, रानडुकरं आली की गाव वाचवायचं. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी लॅपटॉप आणि दोन हातांत धरून अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर घेऊन वर जायचो. मी दिवाणावर लोळून, बाई खुर्चीत ताठ. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्या फोटोसमोर लोळायला सुरुवातीला मला जरा संकोच वाटायचा. नंतर वाटेनासा झाला.

पहिल्या दिवशी बाईंनी जी चूक केली ती टायपिंगवालाच करू जाणे. डावा हात ए-एस-डी-एफवर, उजवा सेमीकोलन-एल-के-जेवर, आणि माउसला स्पर्शसुद्धा नाही. चालायला डावा हात आणि नजर फिरवायला उजव्या हाताची बटणं, अशी वाटणी त्यांनी स्वतःच करून टाकली होती. पडद्यावरचा त्यांचा गडी अंगात आल्यासारखा गोल गोल फिरत राहिला आणि डुकराने त्याला निवांत येऊन पाडलं. तेव्हा कुठे बाईंनी माउस हातात घेतला.

"चार बोटं बेकार झाली माझी," त्या उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

डाव्या हाताच्या बाबतीत मात्र त्या हटल्या नाहीत. सगळं जग पुढे चालायला डब्ल्यूचं बटण वापरतं. बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन पुढे चालणं ईवर आणलं. "डब्ल्यूसाठी अख्खा हात सरकवावा लागतो. हात सरकला की माणूस चुकला," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा त्यांच्या खुर्चीत बसून जगाच्या रीतीने डब्ल्यू दाबला, पण त्यावर बाईंनी सामान टाकून देणं ठेवलेलं, त्यामुळे ढाल-तलवार सगळं जमिनीवर टाकून मोकळा झालो.

आमचं भांडण रोजचं होतं आणि ते मला जेवणाइतकंच लागायचं. मी कंट्रोलरवाला. तुमच्यात कुणी खेळणारे असतील तर त्यांना हा वाद सांगायला नको. कीबोर्डवर घोडा एक तर उधळतो, नाही तर ठप्प उभा राहतो. कंट्रोलरची दांडी जितकी कलवाल तितकाच तो चालतो.

"बाई, घोड्याला मधली चाल असते की नाही?"

"मधली चाल वरातीतल्या घोड्याला. आपल्याला कुठं लग्नाला जायाचंय?"

पण धनुष्य हातात आलं की माझी बोलती बंद. माउसवर बाईंचा बाण कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मनगट हलतंय की नाही कळायचं नाही आणि तिकडे डुक्कर आडवं. माझ्या कंट्रोलरला एक सोय होती, निशाण जवळपास नेलं की बाण आपोआप थोडा त्या बाजूला ओढला जायचा. हे बाईंना समजलं त्या दिवशी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे ही कॉपी झाली."

"कॉपी नाही बाई, मदत."

"परीक्षेत शेजारचा पोरगा बी मदतच करतो."

तेव्हापासून मी घोडा सांभाळायचा आणि त्यांनी नेम धरायचा, असं ठरलं. कंट्रोलर श्रेष्ठ की कीबोर्ड-माउस, याचा निकाल दोघांपैकी एकानेही लागू दिला नाही. कधी ऐन हल्ल्यात जिन्यातून कुणीतरी "नळ आले!" म्हणून ओरडायचं. आमच्या शहरात नळ येणं म्हणजे काय ते आमच्या शहरातल्यालाच कळेल. बाई ताडकन उठायच्या. "त्या डुकराला म्हणावं थांब जरा," एवढं माझ्यावर सोपवून मोटार लावायला जायच्या. डुक्कर अर्थातच थांबायचं नाही.

मग एके दिवशी बाण चुकला.

दुसऱ्या दिवशी दोन चुकले. बाई म्हणाल्या, माउस खराब झालाय. नवीन माउस आला. मग खालची चटई खरबरीत निघाली. मग टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी गेली. टेबल पक्कं झालं तरी पडद्यावरचं निशाण थरथरतच होतं. मी लॅपटॉपवरून मान वर केली तेव्हा बाईंनी उजवा हात पदराखाली घेतला होता.

दवाखान्यात कंपवाताचं निदान झालं. बाईंची मुलगी नाशिकहून येऊन गोळ्यांच्या वेळा समजावून गेली. बाई मला म्हणाल्या, "आहे थोडं हाताचं." त्यापुढे विषय नाही.

मी आपला शहाणा. कंट्रोलर दोन्ही हातांनी धरला की एक हात दुसऱ्याला सावरतो, असं कुठेतरी वाचलं होतं. नवाकोरा कंट्रोलर घेऊन वर गेलो. बाईंनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"घेऊन जा ते खाली."

"बाई, एकदा धरून तर बघा..."

"माझ्या आईनं पिशोरात जलमभर लोकांच्या वावरात खुरपं चालवलं. तिची बोटं शेवटी सरळच व्हत नव्हती. तिनं मला म्हणलं, तुझ्या हाताला दुसरं काम लाव. म्हणून लावलं. ह्या दहा बोटांनी मला इथं आणलंय, माझ्या लेकीला इंजिनिअर केलंय. अन् तू मला सांगतोस, आठ बोटं घडी घालून ठेवा अन् दोन अंगठ्यांवर जगा?"

बाई इतकं सलग कधी बोलत नसत. मी खोकं उचललं आणि जिना उतरलो. माझ्यासाठी ती संध्याकाळची करमणूक होती. बाईंसाठी ती बोटं म्हणजे सगळं आयुष्य होतं, आणि ते बटणाबटणाने हातातून चाललं होतं.

बरेच दिवस गेम बंद राहिला. सकाळी वरून कीबोर्डचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, मग एकच बटण पुन्हापुन्हा दाबल्यासारखा यायचा. ते ऐकत दाढी करणं मला जड जायचं.

मग एका संध्याकाळी बाई स्वतः खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"ते खेळणं हाय का अजून?"

"आहे ना बाई."

"पण असंतसं नाय शिकायचं मला. रीतसर शिकव. धडा पहिला, धडा दुसरा. अन् शेवटी परीक्षा घ्यायची."

माझा जन्म शिकवण्यासाठी झालेला नाही हे बाईंना पहिल्याच धड्यात कळलं. धडेही मग त्यांनीच पाडले. आधी नुसता डावा अंगठा, पुढे-मागे, पुढे-मागे. तो बसला की उजवा. मग दोन्ही. क्लासमध्ये पोरं जसं "ए एस डी एफ जी एफ" घोकायची तसं बाई पुटपुटायच्या, "पुढं, मागं, डावं, उजवं." खुर्चीत तशाच ताठ. कंट्रोलर ताठ बसून धरणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. हात थरथरायचे, पण दोन्ही मिळून जरा कमी थरथरायचे. एकदा त्यांचा घोडा ओढ्याच्या काठाकाठाने हळू, अगदी सरळ चालत गेला. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "व्हय रे, मधली चाल असती म्हणायची." इतक्या वर्षांत मी जिंकलेला हा एकमेव मुद्दा, आणि तो जिंकून मला जराही आनंद झाला नाही.

परीक्षेला नदीकाठच्या गावातली मडकी ठरली. झाडाला टांगलेली, वाऱ्यावर हलणारी. निम्म्याच्या वर फुटली तर पास. मी सुरू करणार इतक्यात बाई म्हणाल्या, "ती कॉपी बंद कर आधी."

"राहू द्या ना बाई. सगळेच वापरतात."

"सगळे नापास हायेत मग."

बंद केली. पहिला बाण लागला. दुसरा झाडात, तिसरा नदीत. चौथ्याला त्यांनी श्वास रोखून धरला आणि मडकं फुटलं. पुढचे सगळे गेले. मी हळूच म्हटलं, "बाई, ग्रेस मार्क देतो."

"तुला दिले व्हते का मी?"

"नव्हते."

"मग? नापास. सहा महिन्यांनी परत बसू." आणि त्या हसल्या. मला वाटतं निकाल कडक लागला याचंच त्यांना समाधान होतं. आपल्याशी कुणी लाडीगोडी केली नाही, एवढं पुरे होतं.

त्या सहा महिन्यांत आजार शांत बसला नाही. डावा हातही धरला गेला. चहा मी बशीत ओतून द्यायला लागलो आणि बाई बिनतक्रार घ्यायला लागल्या. परीक्षेच्या दिवशी त्यांनी कंट्रोलर थोडा वेळ मांडीवर धरला. मग माझ्याकडे दिला.

"ह्या बारीला फॉर्म भरत नाय मी."

मला रडू येईल असं वाटलं. बाईंना ते दिसलं असणार, कारण त्या एकदम क्लासमधल्या आवाजात म्हणाल्या, "ऊठ. माझ्या खुर्चीत बस. ते खेळणं ठेव बाजूला. कीबोर्ड घे."

"मला नाही येत बाई त्याच्यावर."

"माहिताय. म्हणून तर सांगते. मी डिक्टेशन देते."

असा आमचा शेवटचा डाव सुरू झाला. बाई दिवाणावर उशीला टेकून, मी त्यांच्या खुर्चीत. बोटं माझी, डोकं त्यांचं. "पुढं. जरा डावं. थांब. डावं म्हणलं, तू उजवीकडं काहून चाललास?" डाव्या-उजव्याच्या त्या गोंधळात मी घोड्यासकट खड्ड्यात गेलो. बाई इतक्या हसल्या की खोकला लागला आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.

शिकार त्यांनी बंद केली. "लई मारली डुकरं. आता हे पाणी येतं कुठून ते बघू," म्हणाल्या. त्या गेममध्ये नदी होती, पण ती कुठून येते हे बघायला आम्ही कधी गेलोच नव्हतो. आता रोज संध्याकाळी थोडं थोडं काठाने वर जायचं. वाटेत बाई थांबवायच्या. "तो खडक बघू दे. हं. चल." मला ते खडक आधी कधी दिसलेच नव्हते. मी आयुष्यभर घोडा पळवत होतो.

मग मुलीने त्यांना नाशिकला नेलं. न्यायलाच हवं होतं. तरी डिक्टेशन थांबलं नाही. मी त्यांच्याच कीबोर्डवर, जो जाताना त्या कॉम्प्युटरसकट मला देऊन गेल्या होत्या, खेळायचो आणि मोबाइल, कॅमेरा पडद्याकडे करून, व्हिडिओ कॉलवर उभा ठेवायचो. पलीकडून आवाज यायचा. या आजारात आवाजही बारीक होतो. आधी स्पीकर मोठा केला, नंतर इअरफोन कानात घालावे लागले. नदी अरुंद होत चालली होती. शेवटी एक जागा आली जिथे डोंगरातून दोन ओढे येऊन मिळत होते. यातला खरा कुठला, ते कळत नव्हतं.

"बाई, डावीकडं की उजवीकडं?"

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग मुलगी म्हणाली, "दादा, आई दमलीये. उद्या सांगेल."

बाई त्याच आठवड्यात गेल्या. मी नाशिकला जाऊन आलो. परत आल्यावर कितीतरी दिवस कॉम्प्युटर सुरूच केला नाही.

हल्ली कधीकधी करतो. दोन ओढ्यांपाशी आमचा गडी उभा असतो, पाण्याचा आवाज येत असतो. दोन्हीकडे जाऊन बघायला फार तर एक संध्याकाळ लागेल. मी कीबोर्डवर हात ठेवून थोडा वेळ बसतो, आणि मग बंद करतो.