खाणीतून वर आलेला कंडक्टर

कर्नाटकात गेलेल्या आमच्या भालकीच्या थेटरात मराठी पिक्चर लागतो तो उपकार केल्यासारखा. हिंदी-तेलुगूला पोस्टर लागतात, कन्नडला हार पडतात, आणि मराठीसाठी आम्हालाच आधी माणसं जमवून मालकाला भेटावं लागतं. मालक विचारतो, "कित्ते लोगां आते बाई?" आम्ही आकडा सांगतो, तो त्याच्या निम्मा धरतो आणि शुक्रवारी दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन खेळ देतो. त्यांना लोक आले तर शनिवार-रविवार. नाही आले तर त्याच पडद्यावर दुसरं कुणीतरी नाचायला लागतं.

शुक्रवारच्या खेळाचा निकाल मी द्यायचा, अशी रीत पडून गेली होती. मी हायस्कूलात मराठी शिकवते. निम्म्या तालुक्याच्या वह्या माझ्या लाल शाईखालून गेल्या आहेत, त्यामुळं हे काम मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. खेळ सुटला की आमचे लोक थेटरच्या पायऱ्यांवर थांबायचे. माझ्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. मी दोन-चार वाक्यांत पिक्चर सोलून ठेवायचे आणि औषधाच्या दुकानाचा मालक, जो आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप चालवतो, ते रेकॉर्ड करून सोडायचा. पाच मिनिटांत ते खटकचिंचोळीला, चिंताकीला, पार पलीकडं उदगीरला पोचायचं. कोपऱ्यावरचा चहा येईस्तोवर पिक्चर मेलेला असायचा.

चांगलं बोलून कुणी लक्षात राहत नाही, हे मला लवकर कळलं होतं. एका ऐतिहासिक पिक्चरला मी म्हटलं, "राजापेक्षा त्याच्या दाढीवर जास्त मेहनत झालीय." एका गाजलेल्या कादंबरीवरच्या पिक्चरला म्हटलं, "दिग्दर्शकानं पुस्तक वाचलंय, पण फक्त मागचं पुठ्ठ्यावरचं." लोक ही वाक्यं महिनाभर एकमेकांना ऐकवायचे. एकदा एका रिटायर्ड तलाठ्यानं पायरीवर कबूल केलं की त्याला रडू आलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तिकिटाचे पैसे आठवून का?" तो पुन्हा आमच्यात आला नाही. मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

मग आमच्या अक्काच्या पुस्तकावर पिक्चर निघाला.

अक्का माझ्या नात्यातली नाही, सगळेच तिला अक्का म्हणतात; ती खटकचिंचोळीला अंगणवाडीत शिकवते. तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. तिची आई कमठाण्याकडच्या माळावर कळप घेऊन फिरायची आणि तिथंच तिचा अकरा वर्षांचा मुलगा, अक्काचा धाकटा भाऊ, गेला. जांभ्या दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलं होतं, त्यात कोकरू पडलं, आणि त्याला काढायला तो उतरला. कोकरू वर आलं. अक्कानं हे सगळं तीन वह्यांत लिहून काढलं आणि भीत भीत माझ्याकडं आणलं. मी लाल पेन घेतला. मुलाच्या मरणाचं प्रकरण अकरा पानांचं होतं, ते मी चार पानांवर आणलं. तिनं तेवढीच नव्यानं उतरवून छापायला दिली. पुस्तक छापून आलं, लातूरकडं दोन बक्षिसं मिळाली, आणि जो तो त्या चार पानांचं कौतुक करायला लागला. ती पानं मी दरवर्षी नववीला वाचून दाखवते. मुली रडतात. मला बरं वाटतं.

तेव्हा त्या शुक्रवारी मी थेटरात गेले ती माझी चार पानं पडद्यावर बघायला. अक्का आईला घेऊन आली होती. म्हातारी ऐंशीच्या घरातली, अंगावर नवं इरकल, आणि थेटरात शिरताना तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. तिला अक्षर येत नाही. लेकीनं पुस्तकात काय लिहिलंय हे तिला ऐकीव माहीत होतं. ती माझ्या मागच्याच रांगेत बसली.

पिक्चर वाईट होता हे आजही म्हणेन. घाटाकडच्या हिरव्यागार डोंगरात आमचा उघडा माळ उभा केला होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते हिरोईनीनं मेंढरं हाकून दाखवलं, तिच्या टाचा माझ्यापेक्षा गोऱ्या होत्या. तेही मी सोसलं. पण पोरगा खाणीत उतरला आणि मी श्वास धरून बसले, तर वरून चार माणसांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं! पोरगा जगला, मोठा झाला. शेवटी माळावरच्या रस्त्यावर लाल बस थांबते, खाकी कपड्यातला कंडक्टर उतरतो आणि मेंढरांमागं चालणाऱ्या म्हातारीला म्हणतो, "आई, चढ." माझ्या डोक्याची शीरच उठली. चार पानं गेली, आणि त्यांच्या जागी एस.टी.चा कंडक्टर.

पायऱ्यांवर मी नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलले.

"आपल्याकडं पोरगं खाणीत पडलं तर मरतंय," मी म्हटलं. "ह्या पुण्याच्या लोकांच्या खाणीत पडलं की कंडक्टर व्हऊन वर यायलंय. पुस्तकातलं मेलेलं पोरगं धंद्यासाठी उठवून उभं केलंय. असल्यांना मढ्याचीबी लाज न्हाई."

लोक खदाखदा हसले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी कठडा धरून दोन पायऱ्या वर उभी होती. तिनं लेकीला काहीतरी विचारलं, लेकीनं तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, आणि म्हातारी हळूच पायरीवर बसली. मला वाटलं गुडघे दुखत असतील. औषधवाल्यानं रेकॉर्डिंग सोडलंसुद्धा होतं.

संध्याकाळच्या खेळाला नऊ माणसं आली.

शनिवारी सकाळी अक्का माझ्या दारात. चहा नको म्हणाली, बसायलाही तयार नव्हती.

"बाई, ते शेवटचं पिक्चरवाल्यांनी न्हाई बदललं," ती म्हणाली. "मी बदलाय लावलं."

"तू? कामून?"

"ते तर तुमची चार पानं जशीच्या तशी घेनार व्हते. मरण लई झ्याक उतरलंय म्हनले."

खरं सांगते, मेल्याहून मेल्यासारखं व्हायच्या त्या क्षणीसुद्धा मला आधी बरं वाटलं. मरण झ्याक उतरलंय. कुणीतरी ओळखलं तर.

"मी सही करायच्या आधी एकच अट घातली," अक्का सांगत होती. "पोरगं जित्तं ठिवा. मायनं त्याला पान्यातनं काढलेलं बगितलंय, बाई. फुगलेलं. तवापासनं तिला तेच तोंड दिसतंय. म्हनलं एकदा तरी दुसरं दिसू द्या."

"आन् कंडक्टर?"

"त्याला कंडक्टर व्हायचं व्हतं. मेंढरांच्या मागं पळसाची पानं फाडून तिकिटं वाटायचा. लिवलं व्हतं की मी. तुमी सात पानं काढलीत, त्यात गेलं ते."

मला आठवेना. आजही आठवत नाही. मी ती सात पानं इतकी सहज काढली होती की त्यात काय होतं हे माझ्या लक्षातही राहिलेलं नाही.

म्हातारीनं आदल्या रात्रीपासून एकच धोशा लावला होता. डोळ्यांत पाणी आल्यामुळं शेवटी बसमधून उतरलेल्या पोराचं तोंड तिला नीट दिसलं नव्हतं. परत कधी नेतेस, म्हणून ती लेकीच्या मागं लागली होती. आणि थेटरच्या मालकानं अक्काला सांगून टाकलं होतं, "बाई का मेसेज मेरे कू बी आया. कल से तेलुगू डालरा हूँ."

"एक चांगला मेसेज टाका, बाई," अक्का म्हणाली. "तुमचंच ऐकतोय तो. उद्या दुपारचा एक खेळ द्यावा, बास."

मी काय करायला हवं होतं हे कुणालाही कळेल. 'चुकले, पिक्चर बघा' एवढं म्हणायचं होतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला 'चुकले' म्हणायला जीभ वळत नाही. माझी तर नाहीच वळली. मी अक्काला हो म्हटलं, तिला रिक्षात बसवलं आणि आत येऊन मेसेज बोलले. तीनदा रेकॉर्ड केला, मनासारखा येईपर्यंत.

"पिक्चर मी काल म्हणले तसाच हाय, मी शब्द फिरवत न्हाई," मी त्यात म्हटलं. "पण ह्या पिक्चरातल्या पोराची खरी माय, ऐंशी वर्षांची म्हातारी, उद्या दुपारच्या खेळाला यायलीय. मेलेलं पोरगं जित्तं बगायला. पडद्याकडं बगू नका, तिच्याकडं बगा. तिकीट वसूल व्हईल."

मला वाटलं, साप मेला आणि काठीही वाचली. शब्दही राखला, खेळही मिळाला. शेवटच्या वाक्यावर तर मी खूश होते. औषधवाल्यानं लगेच उत्तर पाठवलं: हात जोडलेले, रडके चेहरे, आणि "बाई, काटा आला." थेटरच्या मालकानं रविवारचा खेळ दिला.

रविवारी थेटर भरून वाहिलं. चिंताकीहून जीप भरून लोक आले होते. मराठी पिक्चरला अशी गर्दी मी भालकीत कधी बघितली नव्हती, आणि मधल्या रांगेत जागा धरून मी ती आपलीच असल्यासारखी बघत बसले. अक्का आईला घेऊन आली तेव्हा बायका उठून म्हातारीच्या पाया पडल्या. म्हातारीला काही उमजेना. ती आपली सगळ्यांना "जीती रहा" म्हणत राहिली. अक्कानं गर्दीतून मला हात केला. बिचारीनं माझ्या 'हो'वर विसंबून ग्रुपवरचा मेसेज ऐकलाच नव्हता.

अर्ध्या पिक्चरनंतर कोकरू पाण्यात पडलं. आणि थेटरात उजेड झाला. आधी मला कळेना कुठून येतोय. मग दिसलं, लोकांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या होत्या. पुढच्या चार रांगांची तोंडं मागं वळली होती, पडद्याला पाठ करून. औषधवाला तर पहिल्या रांगेत खुर्चीवर उभा होता, मोबाईल दोन्ही हातांत धरून. पोरगा पाण्यात उतरत होता आणि कुणाचंही त्याच्याकडं लक्ष नव्हतं. सगळे वाट बघत होते, म्हातारी कधी रडते त्याची.

"आजी, इकडं बगा!" कुणीतरी ओरडलं.

"आजी, पोरगं आठवलं का?"

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. ऐकायला कमी येतं म्हणून ती मोठ्यानं बोलते, सगळ्या थेटराला ऐकू गेलं. "कोन हायत गं ही? माझ्याकडं कामून बगायलेत?"

अक्का उठली आणि आईसमोर आडवी उभी राहिली. तिनं वळून सगळीकडं पाहिलं. शेजारच्या बाईनं तिच्या कानाला मोबाईल लावला, मोठ्या कौतुकानं, आणि माझा आवाज त्यातून अक्कानं ऐकला. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. बॅटऱ्या दारापर्यंत त्यांच्यामागं गेल्या. म्हातारी जाताना मान वळवून वळवून पडद्याकडं बघत होती, पण तिच्या आणि पडद्याच्या मध्ये सगळी माणसं उभी होती.

मी उठले नाही. मधोमध बसले होते, उठले असते तर लोकांनी माझ्याकडं बघितलं असतं. हळूहळू माणसं बसली, आणि मी शेवटपर्यंत पिक्चर पाहिला. बस थांबली, तो उतरला. त्या नटानं काम चांगलं केलं होतं. हे मला शुक्रवारीही दिसलं होतं, मी फक्त सांगितलं नव्हतं.

सोमवारी तेलुगू लागला. म्हातारीचा व्हिडिओ महिनाभर फिरत होता, खाली माझाच आवाज लावून. अक्का ग्रुपमधून गेली. माझा फोन ती उचलत नाही.

तीन-चार महिन्यांनी तो पिक्चर मोबाईलवर आला. मी पैसे भरून घेतला आणि खटकचिंचोळीला गेले. अक्का अंगणवाडीत असेल अशी वेळ बघूनच गेले, तेवढी मी भित्री आहेच. म्हातारी ओसरीवर तूर निवडत बसली होती. मला तिनं ओळखलं नाही. मी शेजारी बसले, जिथं बस थांबते तिथं पिक्चर आणून ठेवला, आवाज मोठा केला आणि मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "आजी, तुमचा पोरगा बगा," मी म्हटलं. "आज कुणीच न्हाई. निवांत बगा."

तिनं काचेकडं पाहिलंच नाही. मोबाईल समोर आल्याबरोबर तुरीचं सूप मांडीवरून बाजूला सारलं, पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. पोरगा माझ्या हातात "आई, चढ" म्हणाला. ती पदराआडून म्हणाली, "नका काढू वो फोटू. मी न्हाई रडायले आता."