कुठे लिहिलंय, ते दाखवा

वसुधाताई देशकरांची आणि माझी पहिली भेट माझ्या अज्ञानामुळे लक्षात राहिली. २००३ चा गणेशोत्सव होता. पुण्याहून अमेरिकेत शॉमबर्गला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. शाळेच्या जिममध्ये आरती आटोपली, मोदक संपले, आणि सुती साडीवर स्वेटर चढवलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई मला म्हणाल्या, "आपलं मंडळ घटनेवर नाही, संकेतांवर चालतं." मी सॉफ्टवेअरवाला. संकेत म्हटल्यावर मला एकच गोष्ट ठाऊक, संकेतस्थळ. मी उत्साहाने म्हणालो, "मावशी, साइट डाऊन असेल तर मी फिक्स करतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे?" त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात सतरंजीचं एक टोक दिलं आणि म्हणाल्या, "हे धर. हा पहिला संकेत."

त्याचा अर्थ मला सतरंजी घडी करतानाच कळला. कार्यक्रमानंतर आवरायला जो थांबेल, त्याला पुढच्या कार्यक्रमाविषयी बोलायचा आणि हात वर करून मत द्यायचा अधिकार. तो कालच उतरलेला असो की पंचवीस वर्षं इथे राहिलेला. दुसरा संकेत असा, की अध्यक्ष एकाच वर्षापुरता. पुढच्या वर्षी उपाध्यक्षाकडे खुर्ची द्यायची. यातलं काहीही कागदावर नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

ताईंनी नागपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, आणि इथे आल्यावर कम्युनिटी कॉलेजमध्ये. त्यांचा जन्माचा विषय ब्रिटनची राज्यघटना. तिला कुणी 'अलिखित' म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. त्या म्हणत, अलिखित कशी? संसदेचे कायदे लिहिलेले आहेत, न्यायाधीशांचे निवाडे लिहिलेले आहेत, जुन्या सनदा आहेत, जाणकारांचे ग्रंथ आहेत. राहिले ते संकेत. राजाच्या सहीवाचून कायदा होत नाही, पण राजाने सही नाकारायची नाही, हे त्याला कोणतंही कलम सांगत नाही. "हळद फडताळात, मोहरी खिडकीत, हिंग भलतीकडेच. मिसळणाचा डबा नाही म्हणून त्या घरात फोडणी होत नाही का?" हे त्या इंग्रजीत कशा सांगत, ते मी कधी विचारलं नाही.

एकदा वर्गात एक विद्यार्थी त्यांना म्हणाला, की आमच्या अमेरिकेत जे लिहिलेलं नाही तो नियमच नाही. ताईंनी त्याच्यापुढे त्याचीच घटना ठेवली. न्यायालयाला कायदा रद्द करता येतो हे यात शब्दांत कुठे आहे ते शोध, म्हणाल्या. पोराने तास संपेपर्यंत पानं उलटली. तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष व्हायचं नाही, हा तरी कितीतरी काळ नुसता संकेतच होता. एकाने तो मोडला तेव्हा तो लिहावा लागला. लिहायची वेळ येते ती कुणीतरी मोडल्यावर, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं.

ती वेळ आमच्यावर आली. करसवलतीसाठी मंडळाची लेखी घटना हवी होती आणि मसुदा केला होता उपाध्यक्ष श्रीकांतकाकांनी. त्यात एक कलम होतं: मताधिकार फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. आम्ही व्हिसावाले त्यात बसत नव्हतो. मंडप बांधायला, ढोल उचलायला, साबुदाणा भिजवायला आम्ही. बोलायला मात्र नाही. श्रीकांतकाका दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं, ही मुलं आज शॉमबर्गला, उद्या फ्रिस्कोला, परवा बेलव्ह्यूला. निर्णय घेऊन निघून जाणार आणि निस्तरायचं आम्ही. ऑफिसात, दूतावासात, विमानतळावर आम्ही पाहुणेच होतो. आता गणपतीपुढेही पाहुणेच होणार, याचा मला संताप आला होता आणि तो लिहिताना आजही येतो. ताईंच्या या गौरवग्रंथात भांडणं नकोत असं संपादकांनी सुचवलं आहे. पण ताईंचा गौरव भांडणाशिवाय करायचा म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा तरी होईल.

त्या वर्षी ताई अध्यक्ष होत्या. लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा भरली. श्रीकांतकाका म्हणाले, "वसुधाताई, व्हिसावाल्यांना व्होट आहे असं कुठे लिहिलंय, ते दाखवा."

"कुठेच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तुला ते एका रेघेत खोडता येणार नाही."

मग त्यांनी वर्गात घेत तसा तास घेतला. संकेत आहे की नुसती सवय, हे ओळखायला तीन प्रश्न विचारायचे: असं घडत आलंय का, पाळणाऱ्यांना ते बंधन वाटत होतं का, आणि त्याला काही कारण आहे का. हे प्रश्न त्यांनी श्रीकांतकाकांनाच विचारले. तू पहिल्यांदा अध्यक्ष झालास तेव्हा तुझ्याकडे ग्रीन कार्ड होतं का? काका प्रामाणिक माणूस. नव्हतं म्हणाले. कुणी विचारलं होतं? नाही. का नाही विचारलं? काका म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात. सतरंजी घडी करतो ना, मग बोलू दे त्याला."

मसुदा पुढच्या वर्षावर गेला. आम्ही खूश झालो, पण पुढच्या वर्षी अध्यक्ष होणार होते श्रीकांतकाका. आम्ही ताईंच्या घरी गेलो. आमच्यातल्या मकरंदची नोकरी गेली होती तेव्हा ताईंनी दर रविवारी त्याला जेवायला बोलावलं होतं आणि नोकरीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. त्यामुळे बोलायचा हक्क त्याचा. तो म्हणाला, "मावशी, अजून एक वर्ष राहा ना यार, प्लीज. एकच टर्म असं कुठे लिहिलंय?"

ताईंनी हातातली वरणाची पळी खाली ठेवली. "हेच वाक्य श्रीकांत बोलला होता," त्या म्हणाल्या. "सोयीचा असताना सगळेच पाळतात, रे. मला अडवतो तोच संकेत."

मला त्यांचा राग आला. तत्त्वासाठी आमचा बळी जातोय असं वाटलं. वर्ष संपलं, ताईंनी खुर्ची सोडली, आणि श्रीकांतकाकांच्या पहिल्याच सभेत मसुदा समोर आला. ते कलम त्यात नव्हतं. त्या जागी होतं: 'सभासद कोण, हे पूर्वीच्या प्रघाताप्रमाणे.' वकिलाने याबद्दल बरीच कुरकुर केली होती म्हणे. काका एवढंच बोलले, की ताई खुर्ची सोडतात का, ते मी पाहत होतो; त्या सोडणार नाहीत तर आपणही काही सोडायचं नाही, असं ठरवलं होतं. माझं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक सभेत मी हात वर केला आहे.

यंदा ताईंना पंचाहत्तरावं लागलं. सत्काराला त्यांनी साफ नकार दिला. आपल्या मंडळात कुणाचा सत्कार करायचा संकेत नाही, म्हणाल्या. ताई, या एका बाबतीत आम्ही तुमचं ऐकणार नाही. तुम्हीच शिकवलंत, की एकदा घडली ती नुसती घटना. पायंडा पडायला ती पुन्हा घडावी लागते. तेव्हा हा पहिला सत्कार. पायंडा पडायचा तर तुमच्या शंभरीला दुसरा करावाच लागेल आणि त्याला तुम्ही ठणठणीत हजर असायला हव्यात. हे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला ते मोडता येणार नाही. कार्यक्रम संपल्यावर थांबा. सतरंजीचं दुसरं टोक मी धरलेलं असेल.