धरणाकाठी धोंड्याचं जेवण

ताई माहेरी येऊन राहिली, त्याला वर्ष होत आलं होतं. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. आमच्या घरात माणसं चार आणि कारणं पाच. ताईचा नवरा, म्हणजे माझे दाजी, फोनवर आप्पांना एकच वाक्य बोलले होते, "तुमच्या घराची पायरी मी परत चढणार नाही."

मग अधिक महिना लागला. जावयाला बोलवून धोंडे खाऊ घालायचे, लेकीला त्याच्या शेजारी पाटावर बसवायचं, वाण द्यायचं. आईनं त्या वाक्यातली फट शोधली. "घराची पायरी म्हणाले ना? मग घराबाहेर बोलवू की!" तिनं उजनीच्या पाण्याकाठी दोन तंबू ठरवले. एक आम्हा तिघांना, एक ताई-दाजींना. शुक्रवार पेठेतल्या शेजारणींना सांगितलं, पोरींना पक्षी बघायचेत.

"आई, असं कुठं असतं का गं?" मी म्हटलं.

"तू गप. तुझ्या जिभेला हाड नाही."

दाजी येतो म्हणाले. ताई त्या दिवसापासून गुणगुणायला लागली. तिला परत जायचं होतं. एवढं होऊनही जायचं होतं, आणि मला राग यायचा तो त्याचाच.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी लांब सरकतं. फोटोत तंबूच्या दारात लाटा होत्या. इथं नुसता भेगाळलेला गाळ, आणि पार पलीकडं पाण्याची रेघ. रोहित पक्षी होते म्हणे. मला तर पांढरे ठिपके दिसले. आईनं गाडीतून दोन पाट काढले, समया काढल्या. रांगोळी घातली की वारं उडवून न्यायचं, ही परत घालायची. शेवटी आप्पा म्हणाले, "राहू दे गं आता." तिनं ऐकलं नाही.

दिवस मावळायला दाजी आले, चिंचोळीतल्या कारखान्यातून परस्पर, मोटारसायकलवर. पाटावर बसले. ताई नव्या साडीत शेजारी बसली. चिलटं तोंडात जात होती, तरी दाजी नीट जेवले. आप्पांना तब्येत विचारली, मला नोकरीचं विचारलं. आईनं आग्रह केला तर आणखी एक धोंडा घेतला. ताईनं त्यावर तूप वाढलं, तर "बास" म्हणाले. तिच्याशी बोललेला तेवढाच शब्द.

जेवण झाल्यावर आईनं अनारसे आणि कपड्यांची पिशवी हातात दिली आणि दुसऱ्या तंबूकडं बघत म्हणाली, "अंथरूण घातलंय. आता रात्री कुठं जाताय?"

"नको, सकाळची शिफ्ट आहे." त्यांनी पिशवी हँडलला अडकवली, वाकून आईच्या पाया पडले. "येतो, काकू."

लग्नापासून ते तिला आई म्हणायचे. भांडण पेटलं तेव्हासुद्धा, ओरडताना, आईच म्हणाले होते. आता रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं, अगदी आदरानं, काकू. अहो, शिवी दिली असती तर मी निदान भांडले तरी असते!

"सावकाश जावा," आई म्हणाली.

गाडीचा आवाज टेंभुर्णीकडं गेला. आप्पा समया विझवायला लागले. आई तिथंच उभी. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "पण वाण नेलं की त्यांनी. मनात काही असतं तर नेलं असतं का?"

ताई पाट उचलत होती. "आई," ती म्हणाली, "काकूनं दिलेला खाऊ कुणीबी नेतं गं."