येतो म्हटलं की वार सांगायचा

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. दाराआड जुन्या चपला साठतात तसे साठत जातात, आणि एक दिवस दारच पुरतं उघडत नाही. माझं तसंच झालंय, म्हणून आता ऐका.

अमरावतीत, राजापेठेतल्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, आता आठपर्यंत झोपू. कसलं काय! एका मैत्रिणीनं गळ घातली आणि दर शनिवारी पहाटे साडेपाचला मी स्वेटर घालून लॅपटॉपसमोर बसायला लागले. समोर अमेरिकेतली सहा पोरं. त्यांची शुक्रवारची संध्याकाळ, माझी शनिवारची पहाट. ती शाळेनं दमलेली, मी झोपेविना. दोन्हीकडून नुसत्या जांभया.

त्यातला वेद आठ वर्षांचा. त्याचे वडील प्रशांत अकोल्याचे, जठारपेठेतले. त्यांची आई तिथं एकटीच राहते. प्रशांतनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, त्याले कविता-बिविता नका शिकवू. माह्या मायसंग चार शब्द बोलला तरी लय झालं. फोनवर दोघं नुसते एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यत बसतात. या उन्हाळ्यात आमी येऊन राह्यलो अकोल्याले. तवरोक होईल ना?"

होईल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

*

आपल्याकडे कोणी भेटलं की पहिला प्रश्न, जेवण झालं का? मीही क्लास सुरू करताना एकेकाला तेच विचारायची. पोरं इतकी प्रामाणिक, की सांगायला बसायची. इरा नावाची एक मुलगी आहे, तिची आई पुण्याची. ती पास्त्यापासून सुरू करायची, मग अर्धं केळं, ते अर्धंच का, उरलेलं कोणी खाल्लं. सहा जणांची जेवणं ऐकेपर्यंत माझा चहा थंड व्हायचा.

शेवटी वैतागून म्हटलं, "जेवला का विचारलं की नुसतं 'हो' म्हणायचं आणि पुढे जायचं."

वेदची समजूत झाली की इंडियात हजेरी अशीच घेतात. त्या आठवड्यात आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजीनं विचारलं, "जेवला का रे बाप्पा?" हा खुर्चीतून उठला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हो, हजर."

आजी प्रशांतला म्हणाली, "काहून रे, तिकडं पोराले पोलिसात घालून राह्यला काय?"

*

पाहुणचाराचा पाठ घेतला. मी यजमान, इरा पाहुणी. म्हटलं, "चहा घे." ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "असं कसं, घे थोडासा." ती म्हणाली, "नको." मी तिसऱ्यांदा आग्रह केला तर तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"टीचर, मी नो म्हटलं. नो म्हणजे नो. आमच्या शाळेत शिकवलं आहे."

पोरीचं बरोबरच होतं. तरी मी समजावलं, की आमच्याकडे दोनदा नको म्हणतात आणि मग पितात. वेदनं विचारलं, "मग ज्याला खरंच नको असेल, तो काय करतो?"

मी म्हटलं, "पितो." आयुष्यभर नको असलेले चहा प्यायले आहेत मी. त्याची ॲसिडिटी अजून आहे.

*

सगळ्यात जास्त दमवलं ते एका शब्दानं. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं. म्हणून क्लास संपला की मी "येते हं" म्हणायची आणि लॅपटॉप मिटायची.

एकदा प्रशांतचा फोन आला. वेद जेवायलाही न उठता स्क्रीनसमोर बसून होता. का, तर "टीचर येते म्हणाली." मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळेस मी नीट सांगितलं, "येते, शनिवारी." तर हा त्याच्याकडच्या शनिवारी संध्याकाळी बसला. इकडे माझी रविवारची पहाट, आदल्या दिवशीची राहिलेली झोप भरून काढायची. फोन खणखणला. "मॅडम, पोरगं वाट पाहून राह्यलं."

मग मी नियमच केला. येतो म्हटलं की वार सांगायचा, आणि तो समोरच्याच्या घरचा वार. पोरांना हे भयंकर आवडलं. कोणी नुसतं 'येतो' म्हटलं की बाकीची पाच ओरडायची, "कवा?" 'कवा' ऐकून इराच्या आईचा मेल आला, की आमच्या घरात 'केव्हा' म्हणतात. मी उत्तर दिलं नाही. कंटाळा आला होता.

*

उन्हाळ्यात ते आले. परत निघायच्या दिवशी आजीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं, "पोराच्या बाईले पाह्यचं आहे मले." अमरावतीहून बसनं घामाघूम होत जठारपेठेत पोचले तर वेद ओट्यावर बसून आजीला सांगत होता की आंबा लय गोड आहे, पण त्याले आता नको. आजी त्याच्या हातात अजून एक फोड देत होती. दोघांची गाडी मस्त चालली होती. पहाटे उठल्याचं सार्थक झालं म्हणा.

मग नागपूरच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी आली. सामान चढलं. प्रशांत आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "येतो मग, माय."

आजी म्हणाली, "हो, येजो." दर वेळेस म्हणत असेल तसंच, सवयीनं.

वेद पाया पडून उठला आणि बापाकडे बघत उभा राहिला. कोणीच ओरडलं नाही म्हणून त्यानंच विचारलं, "बाबा, कवा?"

प्रशांत हसला. "अरे, असं नुसतं म्हणतात बेटा. चल, बस गाडीत."

"नाही. वार सांगा लागते. टीचरचा रूल आहे. आजीच्या घरचा वार."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत बसले.

आजीनं वेदच्या पाठीवरची बॅग हळूच उतरवून स्वतःच्या हातात घेतली आणि लेकाला म्हणाली, "सांग ना बाप्पा. लेकरू विचारून राह्यलं."