मायनसमध्ये गेलेला फूटपाथ

"सर, मायनस येतंय," मी म्हणाले.

जयकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय मायनस येतंय?"

"आपला फूटपाथ. बेनिफिट मायनस."

मी इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते आणि लोअर परळच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत इंटर्नशिप करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे आकडा विचित्र आला की माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मी धरून चालायचे.

भोईवाड्यात, आमच्या चाळीसमोरच, रस्त्याच्या एका तुकड्यावर महापालिकेने ट्रायल म्हणून फूटपाथ रुंद केला होता. त्याचा लोकांना किती फायदा झाला, ते आम्ही आमच्या या क्लायंटला रुपयांत सांगायचं होतं. फायदा दिसला तर पुढचा रस्ताही तसाच होणार. नाही दिसला तर हाही तोडून तिथे परत पार्किंग. माझी आई रोज त्यावरून चालते. तो माझ्याच एक्सेल शीटमुळे जाणार होता.

या कामात 'व्हॅल्यू ऑफ टाइम' नावाची पद्धत असते. माणसाच्या वेळेला किंमत धरायची. नव्या सोयीमुळे वेळ वाचला की फायदा, जास्त लागला की तोटा. पुलांना ती बरोबर लागू पडते. आमच्या फूटपाथवर मात्र लोक आधीपेक्षा हळू चालायला लागले होते, आणि बाजारातून घरी पोचायला जास्त वेळ घेत होते.

सरांनी शीट तपासली. "चूक नाही तुमची," ते म्हणाले. ते इंटर्नलाही अहो-जाहो करायचे. "पण हे असंच क्लायंटपुढे ठेवलं तर संपलं."

"थोडं राउंड ऑफ केलं तर?"

"मायनसचं प्लस होईपर्यंत? तेवढं गणित मला येत नाही."

त्या संध्याकाळी मी चाळीच्या दारात उभी होते. आई आणि शेजारच्या सावंतकाकू बाजारातून येत होत्या. बाजार आमच्या मागच्या गल्लीतून अगदी जवळ. या दोघी आल्या लांबून, रुंद फूटपाथवरून.

"वळसा घालून का आलात?"

"नेहमी तिथूनच येतो," आई म्हणाली.

"अगो, गल्लीत एकामागोमाग चलाचा लागता," काकू म्हणाल्या. "मगे मी बोलू कोणाशी? तुझ्या आवशीच्या पाठीशी?"

"तसंही मी ऐकते कुठे," आई म्हणाली, आणि दोघी हसत जिना चढल्या.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगताना मी दोन-तीनदा तरी 'कदाचित' म्हटलं असेल. जवळची वाट असताना माणूस लांबून जातो, म्हणजे जास्तीचा वेळ तो स्वतःहून देतो. मग त्याच्या लेखी त्या फूटपाथची किंमत निदान तेवढ्या वेळाइतकी नाही का?

सरांनी शीट पुन्हा उघडली. "आणि आपण तीच मिनिटं तोट्यात टाकली," ते म्हणाले. "चला, लोकांना विचारू."

जिथे दोन वाटा फुटतात त्या कोपऱ्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. घाईतले लोक गल्लीत शिरत होते, त्यांचीही नोंद केली. पण बरेच जण वळसा घेत होते. एक आजोबा म्हणाले, "इथे काठी टेकायला जागा मिळते." एका बाईंना कडेवरचं मूल खाली सोडता येत होतं. एका गृहस्थांनी सरांनाच विचारलं, "तुम्ही इलेक्शनवाले काय?"

मीटिंगमध्ये महापालिकेच्या साहेबांनी आमच्या रिपोर्टच्या पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "वेळ जास्त लागतो, आणि तुम्ही त्याला फायदा म्हणता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, या लोकांना लवकर पोचायचं असतं तर गल्ली होती," मी म्हणाले. "ते तिकडून गेले नाहीत."

साहेबांनी पानं पुढे-मागे केली. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमणार नाही," ते शेवटी म्हणाले. "एका बाजूने पुढे न्या."

ट्रायलचा तुकडा राहिला आणि एका बाजूने वाढलाही. दुसऱ्या बाजूला अजून गाड्याच लागतात. चालणाऱ्याला किती वेळ लागला हे मोजण्याआधी त्याला जवळची वाट होती का, ते आता मी आधी बघते. आमच्या सिलॅबसमध्ये हा भाग शेवटच्या धड्यात आहे. बहुतेक सगळे तो ऑप्शनला टाकतात.