चावीसाठी घेतलेली रॅम

माझ्या पिकअपची चावी माझ्याच मुलीने शाळेच्या पर्समध्ये घालून फिरवली, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. गाडी माझी. दुसऱ्यांच्या बागांत आंब्याच्या पेट्या उचलता उचलता मी स्वतःचा धंदा उभा केला आणि त्या धंद्यावर ती घेतली. मुलगी शिकली, मास्तरीण झाली, तीही याच गाडीच्या खेपांवर. आणि आजारातून उठून अंगणात आलो, तर गाडीवर ताडपत्री आणि खुंटीवरची चावी गायब.

आजार म्हणजे डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. कोल्हापूरला नेलं. हात-पाय शाबूत राहिले, जीभही शाबूत राहिली. जीभ जरा गेली असती तरी चाललं असतं, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या दोन्ही बाजूंना बोटं हलवून पाहिली आणि म्हणाले, "डावीकडची नजर गेली आहे. गाडी चालवायची नाही."

"किती गेली?" मी विचारलं.

"डावीकडची जवळजवळ सगळी."

"पण मला तुम्ही अख्खे दिसताय."

"मी तुमच्या समोर आहे."

"बरं, मग सहा महिन्यांनी चालवतो."

"तेव्हा तपासून बघू."

"चार महिन्यांनी?"

ते हसलेही नाहीत, चिडलेही नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत राहिले. भावच करत नाही अशा माणसाशी काय बोलणार?

मला खरोखर काही कमी दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे काळा पट्टा असता, धुकं असतं, तर मीच चावी देऊन टाकली असती. मला जग पूर्वीसारखंच भरलेलं दिसत होतं. पेपर वाचताना ओळीची सुरुवात हुकायची, ती हल्लीची छपाईच तशी म्हणून. जेवताना बायको म्हणायची, "चटणी कित्याक ठेवलास? लोणच्याकय हात लावक नाय." मी म्हणायचो, तिखट आता नको वाटतं. ताटात चटणी-लोणचं डावीकडे वाढतात हे मला काय नव्याने सांगायला हवं होतं? पण तेव्हा मनात आलंच नाही.

आंब्याचे दिवस जवळ येत होते. मिठबावच्या बागा माझ्याकडे कितीतरी वर्षं आहेत. त्या बागायतदारांशी माझा कागद नाही, तोंडचा व्यवहार. मी स्वतः गाडी घेऊन जातो, बागेत फिरतो, फळ नाकाला लावतो, देठाजवळ अंगठा ठेवतो आणि भाव तोडतो. ड्रायव्हर ठेवा, असं मुलगी म्हणाली. ड्रायव्हर ठेवलेले व्यापारी मी पाहिलेत. पहिल्या वर्षी ड्रायव्हर गाडी ओळखतो, दुसऱ्या वर्षी बागा ओळखतो, तिसऱ्या वर्षी बागायतदार त्यालाच फोन करतात. मी स्वतः तसाच वर आलोय, म्हणून मला माहीत आहे.

घरात बसून मी रोज भांडत होतो. तेव्हा मुलगी शाळेतल्या एका बाईंकडून गेमचं स्टिअरिंग घेऊन आली, खाली पायाने दाबायचे ब्रेक-ॲक्सिलेटरही होते. त्यांचा मुलगा पुण्याला गेला होता आणि ते माळ्यावर पडून होतं. तिने ते तिच्या कॉलेजच्या दिवसांतल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाली, "घेवा, हयसर चालवा. आमचा डोक्या खाव नका."

पोरखेळ म्हणून मी आधी हात लावला नाही. पण स्टिअरिंग ते स्टिअरिंग. बसलो. गेममध्ये शर्यतीचा एक डोंगरातला रस्ता होता, उजवीकडे दरड आणि डावीकडे कठडा. फोंडाघाट मी पेट्यांनी भरलेल्या गाडीने, ब्रेक तापलेले असताना उतरलोय. त्या मानाने हा रस्ता म्हणजे काहीच नव्हता. तरी माझी गाडी कठड्याला घासायची. का, तर चित्र अडकायचं. वळण आलं की पडदा थबकायचा, गाडीचा आवाज घरघरत राहायचा आणि चित्र पुन्हा हलेपर्यंत गाडीचं तोंड कठड्यात.

एका रविवारी दुपारी मी पुन्हा चावीचा विषय काढला.

"माजी चावी दी."

"बाबा, परत ताच नको."

"माका सगळा दिसता. डॉक्टराक काय जाता सांगाक? तेची गाडी बंद रवली काय?"

ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली आपटलं. राग तिने माझाच घेतलाय. "बरा तर! त्या गेममधल्या घाटातसून एक खेप न ठोकता मारून दाखवा. खंयच घासूची नाय. चावी देतंय."

"शब्द?"

"शब्द."

आतून बायको ओरडली, "गो, खुळी काय तू? तेंका शब्द देतस?"

पण सौदा झाला होता. मी चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा चित्र अडकलं. मग मी स्टिअरिंग ढकललं आणि म्हटलं, आचके देणाऱ्या गाडीवर कोणी परीक्षा घेत नाही, आधी मशीन दुरुस्त कर. तिला वाटलं मी पळवाट काढतोय. पण गेम चालू असतानाच तिने बाजूला एक पाटी उघडून बघितली, त्यात मेमरी किती भरली ते दिसत होतं. गळ्यापर्यंत भरली होती.

"मेमरी कमी पडता, ह्या खरा," ती म्हणाली. "रॅम वाढवक व्हयी."

"म्हणजे दोष मशीनचो."

"अडकण्यात दोष मशीनचो."

तिने एवढंच कबूल केलं. मी तेवढं पकडलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी एसटीने कणकवलीला गेलो. माझ्या दारात गाडी उभी असताना एसटीच्या दांड्याला धरून उभं राहणं काय असतं, ते मी इथे लिहीत नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरमागे एक जाडा, दाढीवाला माणूस बसला होता. त्याने पुठ्ठ्याच्या पाकिटातून रॅम काढून दाखवली. वीतभरसुद्धा नाही, हिरवी पट्टी, वर काळे चौकोन, खाली सोनेरी दात. मी ती हातात घेतली. नाकाशी नेली नाही एवढंच. ज्याला वास नाही, वजन नाही, जे दाबून बघता येत नाही, त्याचा भाव कसा करायचा?

"ह्येच्यात काय बघूचा?" मी विचारलं.

"बघूचा काय नाय, काका. लावची. मशीनक डीडीआर थ्री लागता की फोर?"

मला काय माहीत? पण गिऱ्हाईक अडाणी आहे हे कळलं की दुकानदार चढतो. मी उलट विचारलं, "नवी खंयची?"

"फोर."

"मगे फोरच दी. जुनो माल माका नको."

आणि मी भाव केला. दोनदा उठून दारापर्यंत गेलो. शेवटी त्याने किंमत उतरवली, वर माउसखाली ठेवायचं एक रबराचं पॅड फुकट दिलं. परतीच्या एसटीत मी किती दिवसांनी खूश होतो.

संध्याकाळी मुलीने कॉम्प्युटरचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. धूळ पुसली, जुनी पट्टी काढली, नवी हातात घेतली आणि थांबली. पट्टीच्या दातांमध्ये एक खाच असते आणि मशीनमध्ये त्या खाचेसाठी एक उंचवटा असतो. ते दोन्ही एका जागी येत नव्हते.

"बाबा, हयसर थ्री लागता. माका फोन तरी करूचो."

"तुका विचारून जावक मी काय शाळेतलो पोर?"

"नवी म्हणान घेतलास?"

बायको म्हणाली, "आमच्या लग्नात पायताणा आणलेली, तीय अशीच. भाव पाडून आणलेली, पायात जायनत."

पुन्हा एसटी, पुन्हा तोच दाढीवाला. त्याने पाकीट ओळखलं आणि मला काही बोलायच्या आधीच हसला. "घासाघीस एवढी केलास काका, पन मशीन खंयचा ता सांगूक इसारलास." जुन्या जातीची रॅम आता फारशी येत नाही, म्हणून तिची किंमत जास्त. मी म्हटलं, जुना माल महाग कसा? तो म्हणाला, "मे सरल्यावर तुमचो हापूस स्वस्त जाता काय?" मी दारापर्यंत गेलो. त्याने हाक मारली नाही. त्याला ठाऊक होतं, मी परत येणार. आलो. सांगितली ती किंमत दिली. निघताना म्हणाला, "आणि ता फुकटचा पॅड हय ठेवा." मी ठेवलं. एवढा अपमान मी मुंबईच्या दलालांकडूनही ऐकून घेतलेला नाही.

या वेळी पट्टी बसली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून लागल्या. मुलीने झाकण लावलं, मशीन चालू केलं आणि मी स्टिअरिंगसमोर बसलो.

गेम सुरू झाला तसा मला फरक कळला. रस्ता नव्या डांबरासारखा सरकत होता. झाडं, दरड, मैलाचे दगड, सगळं एका ओढीत मागे जात होतं. पहिलं वळण आलं, चित्र अडकलं नाही. दुसरं आलं, अडकलं नाही. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी मोठ्याने म्हणालो, "बघ! बघ आता!" तिसऱ्या वळणावर कर्रर्र आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. कठडा.

चित्र अडकलं नव्हतं.

मी पुन्हा सुरू केलं. वेग कमी ठेवला. कर्रर्र. तिसऱ्या वेळी तर बैलगाडीसारखी हाकली. मागून सुटलेल्या गाड्या उजवीकडून मला मागे टाकून जात होत्या, त्या सगळ्या मला स्वच्छ दिसत होत्या. ब्रेक वेळेवर लागत होता, हात बरोबर फिरत होता. आणि तरीही गाडी हळूहळू डावीकडे सरायची आणि जो कठडा मला दिसत नव्हता तो आवाज करायचा. मी किती वेळा केलं ते मोजलं नाही. दर वेळी वाटायचं, आता दिसेल. दिसायचा तो रस्ताच, आणि तो मला पुरा वाटायचा.

मशीनला शिवी द्यायला मी तोंड उघडलं. पण मशीनचं आता काय चुकत होतं? खोली अगदी गप्प होती. मला वाटलं, मुलगी कंटाळून निघून गेली.

"खंय गेलंस गो?" मी हाक मारली.

"मी हयच आसंय, बाबा."

आवाज कानाशी आला. मी मान वळवली. ती माझ्या डाव्या हाताला, टेबलाला टेकून उभी होती, हात लांब केला असता तर लागली असती. मी बसल्यापासून ती तिथेच होती. आणि तिच्यापुढे, कीबोर्डच्या डावीकडे, पिकअपची चावी ठेवलेली होती. पैज लावली की माल समोर ठेवायचा, हे तिला मीच शिकवलेलं. तो तिने मी बसायच्या आधीच ठेवला होता.

मी चावीकडे बघितलं. मग मान सरळ केली. चावी गेली. पुन्हा वळवली, चावी आली.

"मान फिरवन चालवीन मी," मी म्हटलं.

ती टेबलापासून सरळ झाली.

"घाटात नाय जाणार. मिठबावापर्यंतच. सकाळचो, रस्त्यार कोण नसताना."

"रस्त्यार शाळेची पोरा आसतत, बाबा," ती म्हणाली. आणि पुढे, "चावी हयसर आसा. मी परत पर्सीत घालूचंय नाय. तुमका घेवची तर घेवा."

आणि ती आत गेली.

माझा राग आहे तो यासाठी. तिने नाही म्हणायला हवं होतं. चावी हिसकावून घ्यायला हवी होती, डॉक्टरचं नाव घ्यायला हवं होतं, आईला बोलवायला हवं होतं. मग मी ओरडलो असतो, ती ओरडली असती, कुठेतरी मध्यावर जमलं असतं. आयुष्यभर मी तसाच जगलो, समोरच्याने ओढलं की मी ओढायचं. तिने दोरी सोडून दिली. चावी उचलली असती तर मला अडवणारं त्या घरात कोणी नव्हतं. मी ती उचलली नाही. बसून राहिलो, पडद्यावर गाडी कठड्याला नाक लावून उभी होती आणि चित्र अजिबात अडकत नव्हतं.

आठवड्याने मी ड्रायव्हर ठेवला. पगारासाठी त्याच्याशी पुरेपूर घासाघीस केली आणि तो उतरलाही, पण त्यात जीव नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही मिठबावला गेलो. तो उजवीकडे, मी डावीकडे दाराशी. वाटभर तो नीट चालवत होता, त्यामुळे बोलायलाही काही सापडलं नाही. बागेच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली. मी समोर बघत बसलो होतो, बागायतदार फाटक उघडून बाहेर येईल म्हणून.

"काका," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ते केवापासून तुमच्याशी बोलतत."

मी मान पूर्ण वळवली. म्हातारा बागायतदार माझ्याच खिडकीवर हात ठेवून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"यंदा काय भाव धरलास?" मी विचारलं.