मंदाकाकूची टोळी शाळेला निघते

“चहा घ्या म्याडम, पन शाळेचं नका बोलू,” सोनालीची आई म्हणाली आणि कप माझ्या हातात देऊन समोर बसली.

मी शाळेचंच बोलायला आले होते. मग आम्ही चहाबद्दल बोललो.

मी बालाघाटमध्ये एका संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर आहे. आमच्या कामाला ऑफिसात ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. म्हणजे आठवी पास झालेली मुलगी नववीत पोचवायची. ऐकायला एकाच इयत्तेचं अंतर वाटतं. पण आठवीपर्यंतची शाळा गावात असते आणि नववीची दुसऱ्या गावात. मधला रस्ता कुठल्याच इयत्तेत बसत नाही.

हे गाव राजेगावच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. हायस्कूलला जायचं तर नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून बरंच अंतर. मध्ये घर नाही, दुकान नाही. त्या वर्षी चार मुली आठवी पास झाल्या होत्या आणि चारही घरांचं उत्तर एकच होतं: “संगं कोन जाईन?”

त्यात सोनालीचं जास्त घाईचं होतं. तिचा मामा गोंदियात दुकान चालवतो. मामीला दुसरं बाळ झालं होतं आणि ते सांभाळायला सोनाली जूनमध्ये तिकडे जाणार, असं ठरलं होतं. बाळ सांभाळायला गेलेली मुलगी वर्षभराने परत येते, पण शाळेत येत नाही. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे.

मी निघाले तशी ती स्कूटीपर्यंत आली.

“म्याडम, नववीत साइन्सची लॅब रायते?”

“असते.”

“हात लावू देतात?”

“देतात.”

“मंग...” एवढंच म्हणून ती आत पळाली.

मी आधी आमचे नेहमीचे उपाय करून पाहिले. प्रोजेक्टर नेला, मुलींच्या शिक्षणावरची फिल्म दाखवली. बायका मन लावून पाहत होत्या. मला वाटलं, जमलं. संपल्यावर एक आजी म्हणाली, “चांगला होता पिच्चर. आता दुसरा लाव.” पालकसभेत चार ओळी बोलायचं ठरवून गेले होते, दोनच बोलले. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मित्रमैत्रिणी हिंदीतल्या. माझं मराठी घरापुरतं. लोकांसमोर उभं राहिलं की तेही घरीच राहतं.

ऑफिसात मिश्रा सर म्हणाले, “छोड़ो उस गाँव को. परसवाडा साइड में फोकस करो.”

मी “जी सर” म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावाला गेले. मला वाद घालता येत नाही, पण स्कूटी चालवता येते.

मे महिना होता. उन्हाळी धानाची कापणी चालू होती. गावाच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर समोरून आला, ट्रॉलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या. त्यातून एक हात हलला. सोनाली! हातात विळा, डोक्याला फडकं.

“कुठं?” मी ओरडून विचारलं.

“नदीपल्याड! गोंदिया साइडले!”

मी तशीच तिच्या घरी गेले. “काकू, नहरावरून शाळेला जायला भीती, आणि ही नदी ओलांडून कापणीला जाते?”

“ते अलग हाय. मंदा संगं हाय ना.”

ही मंदाकाकू कोण, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. या भागात धानाचं काम बायकांच्या टोळ्या गुत्त्याने घेतात, म्हणजे अख्ख्या शेताचं काम मिळून अंगावर घेतात. टोळीला एक मेट असते, मुकादम म्हणा. मंदाकाकू या गावच्या टोळीची मेट. ट्रॉली परत आली की ती घरी जात नाही. टोळी मागे घेऊन गल्लीच्या तोंडापासून चालत येते आणि प्रत्येक दारासमोर त्या घरच्या बाईचं नाव हाकारते. ती बाई उंबऱ्यात पाय ठेवून मोठ्याने म्हणते, “आली!” मग पुढचं दार. शेवटचं “आली” ऐकल्यावर मंदाकाकू स्वतःच्या घरी पाय धुते.

म्हणजे गावाची अडचण रस्त्याची नव्हतीच. शाळेच्या रस्त्याला मेट नव्हती.

मी तिला गाठलं तेव्हा ती अंगणात विळ्याला धार लावत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

“शाळेचा गुत्ता?” ती हसायला लागली. “अवं पोरी, मले चवथीतून काढलं. मी काय शिकवू थ्याइले?”

“शिकवायचं नाही काकू. न्यायचं आणि आणायचं.”

“काहून, तुह्या संस्थेत मानसं नाईत?”

“आहेत. पण त्यांच्यासोबत कुणी मुली पाठवत नाही.”

“अन् तुह्यासंगं?”

“माझ्यासोबत चहा पाठवतात.”

ती इतकी हसली की विळा खाली ठेवावा लागला. मग म्हणाली, “कापनी झाली का धान रोवण्यापर्यंत मले काम नाई, खालीच हाय. नेतो. पन टोळीचा कायदा चालन. कोनी पुढं नाई पळन, कोनी मागं नाई राह्यन. अन् मी पायी नाई जाणार. क्यारिअरवर बसन.”

सरकारी सायकली नववीत नाव लागल्यावर मिळतात, त्याही लगेच नाही. माझे बाबा भरवेलीच्या खाणीत नोकरीला आहेत. कॉलनीत आता सगळ्यांकडे मोटारसायकली आल्यात आणि जुन्या सायकली जिन्याखाली उभ्या असतात. बाबांनी सुट्टीच्या दिवशी दारं वाजवली, मी त्यांच्या मागे उभी राहिले. आमच्या घरी ही कामाची वाटणी जुनीच आहे. चार सायकली जमल्या.

सोनालीची आई शेवटपर्यंत तयार नव्हती. मंदाकाकू तिच्या दारात गेली. “कापनीले पाठवते तं शाळेले काहून नाई? कवा तुही पोट्टी इसरून आली का मी?”

मामाला फोन गेला, सोनाली सध्या येत नाही.

शाळा उघडली त्या सकाळी टोळी निघाली. सोनालीच्या कॅरिअरवर मंदाकाकू, पाठीमागे तिघी. मंदाकाकू अख्खा रस्ता सूचना देत होती. “ब्रेक! हळू! अवं गाय हाय समोर, दिसून नाई राह्यली का?”

सोनाली दम लागून म्हणाली, “मावशी, तू बोलली का सायकल जड होते.”

हायस्कूलचे प्राचार्य गेटवर उभे होते. “आप किसकी अभिभावक हैं?”

“सबकी,” मंदाकाकू म्हणाली आणि व्हरांड्यात बसली. नेलेल्या मुली परत आणायच्या, तर मध्ये घरी जाऊन काय करणार?

आठवडाभरात ती तिथलीच झाली. नळावर ढकलाढकली व्हायची, तिथे रांग लागली. मुलींच्या सायकलींजवळ उगाच भांग पाडत उभी राहणारी पोरं दुसरीकडे भांग पाडू लागली. चपराशाने आधी तक्रार केली, मग स्टूल आणून दिलं. लॅब उघडली त्या दिवशी ती खिडकीतून पाहत होती. सोनालीने परीक्षानळी हातात धरली तेव्हा बाहेरून आवाज आला, “नीट धर वं, काचेची हाय!”

मग रोवण्याचे, धानाची रोपं लावायचे दिवस आले. मंदाकाकूला टोळी घेऊन धानाच्या बांधीत उतरायचं होतं. ती चारही घरांसमोर उभी राहून म्हणाली, “उद्यापासून मेट सोनाली. मी सांगून राह्यली.”

सोनालीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “म्याडम, एक दिवस पाह्यतो. जमलं तं ठीक. नाई तं मामाचा फोन येऊनच राह्यला.”

त्या दिवशी मी सोबत गेले, स्कूटी ठेवून सायकलवर. आणि नेमकी येताना सगळ्यात मागच्या मुलीची चेन तुटली. मला वाटलं, सोनालीने दोघींना पुढे पाठवून घरी कळवावं. मी तसं म्हटलंही.

“नाई म्याडम. टोळी तुटत नाई.”

आम्ही सगळ्या उतरलो आणि सायकली हातात धरून नहराच्या पाळीने चालत निघालो. गाव दिसलं तेव्हा दिवे लागले होते. गल्लीत सगळ्या आया बाहेर उभ्या. मंदाकाकूही होती, चिखलाचे पाय तसेच घेऊन. ती बाजूला सरकून उभी राहिली.

सोनालीने पहिल्या दारासमोर सायकल उभी केली. “पायल!”

“आली!”

“रोशनी!”

“आली!”

“करिश्मा!”

“आली!”

मग स्वतःच्या दारात जाऊन तिने स्वतःचंच नाव घेतलं, आणि उंबऱ्यातून तिची आई ओरडली, “आली वं माय, आली!” गल्ली हसली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात सोनाली माझ्याकडे वळली.

“म्याडम!”

सगळे माझ्याकडे पाहत होते. अशा वेळी माझा आवाज बसतो. पण टोळीचा कायदा होता.

“आली!” मी ओरडले. बहुतेक गरजेपेक्षा जोरात, कारण कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

मामाला दुसरी सोय करावी लागली. रोवणा जोरात असताना चौघी काही दिवस शाळेत नव्हत्या, तेही मी रिपोर्टमध्ये लिहिलं. नंतर सरकारी सायकली आल्या आणि खाण कॉलनीतल्या सायकली शेजारच्या गावातल्या मुलींकडे गेल्या. मिश्रा सरांनी या सगळ्याला प्रेझेंटेशनमध्ये एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. मी ते मंदाकाकूला सांगितलं, तर ती म्हणाली, “हे हाकारता येते का?”

आता नव्या गावात गेले की मी शाळेचा विषय उशिरा काढते. आधी विचारते, इथून सकाळी कोण कुठे जातं आणि कुणाच्या भरवशावर. प्रोजेक्टर ऑफिसात कपाटात आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, पिच्चर चांगला आहे.